बंडखोरीचा पगार

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेझरबर्ग नावाचे मासेमारीचे बंदर आहे. समुद्रकाठी वाढलेल्या आमच्या वाचकांना ते फारसे परके वाटू नये. २००७ साली जेम्स वॉट आणि मार्टिन डिकी या चोवीस वर्षांच्या दोन मित्रांनी तेथे बिअर बनविण्याचा एक लहानसा कारखाना काढला. (वाफेच्या यंत्रामुळे आपल्या क्रमिक पुस्तकांत अमर झालेल्या जेम्स वॉटचा हा केवळ नामबंधू.) वॉट यांनी कायद्याची पदवी घेतली होती आणि मच्छीमार बोटीवर कामही केले होते. कारखान्याचे नाव ठेवले 'ब्रूडॉग'. बड्या कंपन्यांच्या एकसुरी चवीला कंटाळलेल्या गिऱ्हाइकांसाठी थोड्या प्रमाणात, कसबाने तयार केलेली बिअर विकावयाची, असा त्यांचा संकल्प होता. अशा बिअरला आता सर्वत्र क्राफ्ट बिअर म्हणतात. पुढे या कंपनीची मद्यगृहे ब्रिटनभर आणि ब्रिटनबाहेर निघाली. मुंबईतही तिच्या नावाची पाटी लागली.

मद्य प्यावे की पिऊ नये, हा प्रश्न आम्ही येथे बाजूला ठेवीत आहोत. आमचा प्रश्न निराळा आहे आणि तो चहाच्या कंपनीलाही तितकाच लागू पडावा. एखादी कंपनी स्वतःच्या सद्गुणांची जाहिरात करते, तेव्हा ती जाहिरात प्रथम कोण वाचतो? आणि त्या सद्गुणांची किंमत अखेर कोणाच्या खिशातून जाते?

ब्रूडॉगने बिअरइतकीच बंडखोरी विकली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिच्या सर्वांत गाजलेल्या बिअरचे नावच 'पंक आयपीए'. पंक ही १९७० च्या दशकात ब्रिटनमधील तरुणांनी प्रस्थापितांविरुद्ध उठविलेली संगीताची आणि वेशभूषेची आरोळी होती. वॉट आणि डिकी यांनी ती आरोळी बाटलीत भरली. लंडनच्या रस्त्यावरून रणगाडा हाकून झाला. २०१० साली ५५ टक्के मद्यार्काची बिअर मेलेल्या खारींच्या व मुंगसासारख्या प्राण्यांच्या पेंढा भरलेल्या देहांत बसविलेल्या बाटल्यांतून विकून झाली. बँकांच्या दारात ताटकळण्याऐवजी सामान्य बिअरप्रेमींनाच समभाग विकण्याची योजना काढली आणि तिला नाव दिले 'इक्विटी फॉर पंक्स'. कालांतराने असे दोन लाखांहून अधिक लहान भागधारक झाले. मात्र २०१७ साली अमेरिकेतील टीएसजी या गुंतवणूक कंपनीने सुमारे २२ टक्के हिस्सा २१ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, तो वर्षाला १८ टक्के चक्रवाढ परताव्याच्या अटीवर आणि लहान भागधारकांच्या आधी पैसे मिळण्याच्या हक्कासह. बंडखोरांच्या पंगतीत सावकाराचे पान असे सर्वांत आधी वाढले गेले.

या चमत्कृतींबरोबरच कंपनी आणखी एक गोष्ट सातत्याने सांगत असे. आमच्यासारखा चांगला मालक तुम्हांला शोधून सापडणार नाही, ही ती गोष्ट. २०१७ मध्ये तिने जाहीर केले की, ज्या कर्मचाऱ्याच्या घरी कुत्र्याचे नवे पिल्लू येईल त्याला ते रुळावे म्हणून एक आठवड्याची भरपगारी रजा मिळेल. हे वाचून आम्हांला हसू आले, आणि थोडा हेवाही वाटला हे कबूल करतो. त्याच वर्षी नफ्याचा दहावा हिस्सा कर्मचाऱ्यांत वाटण्याची घोषणा झाली. त्याआधी, २०१५ च्या सुमारास, कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा अधिक असे निर्वाह वेतन देण्याचे कंपनीने स्वीकारले होते आणि तसे प्रमाणपत्रही मिळविले होते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिला 'बी कॉर्प' हा शिक्का मिळाला. समाज, निसर्ग आणि कामगार यांच्याशी नीट वागणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेतील बी लॅब ही संस्था तो देते.

चारच महिन्यांनी, २०२१ च्या जून महिन्यात, कंपनीच्या साठाहून अधिक माजी कर्मचाऱ्यांनी नावानिशी सही केलेले एक उघड पत्र प्रसिद्ध झाले. आपल्या गटाला त्यांनी 'पंक्स विथ पर्पज' असे नाव दिले होते. कंपनीत भीतीचे वातावरण आहे, माणूस म्हणून वागणूक मिळेलच याची खात्री तेथे नसते, तेथील नोकरीने अनेकांची मनःप्रकृती ढासळली, असा त्या पत्राचा आशय होता. त्यात एक मुद्दा असा होता की, जगातील सर्वोत्तम मालक होण्याची जी भाषा कंपनी वर्षानुवर्षे बोलत आली, ती बहुधा गुणी माणसे कामावर ओढून घेण्यासाठीच होती. वॉट यांनी जाहीर माफी मागितली, बाहेरच्या माणसांकडून पाहणी करवून घेतली आणि २०२२ मध्ये स्वतःच्या समभागांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पगारी कर्मचाऱ्यांत टप्प्याटप्प्याने वाटण्याचे जाहीर केले. ही गोष्ट लहान नव्हती. ती न सांगणे अन्यायाचे होईल. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बी कॉर्प'चा शिक्का कंपनीकडे उरला नाही.

कंपनीच्या बढाईचा मतलब नोकरभरती होता, हा त्या पत्रातील मुद्दा पुष्कळांच्या नजरेतून सुटला असावा. आम्हांला मात्र तो पत्राचा गाभा वाटतो. आपण समजतो की जाहिरात गिऱ्हाइकासाठी असते. गिऱ्हाईक ती पाहते, चार पैसे जास्त मोजते, बिअर पिते आणि घरी जाते. न आवडली तर उद्या दुसरी घेते. परंतु तीच जाहिरात वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगाही पाहत असतो. त्याला नोकरी हवी आहे. शेजारच्या साध्या मद्यगृहात आणि या बंडखोर मद्यगृहात काम तेच: पेले धुणे, पिंपे हलविणे, रात्री उशिरा फरशी पुसणे, झिंगलेल्या माणसाला गोड बोलून दाराबाहेर काढणे. तरी तो दुसरीकडे अर्ज करतो, कारण तेथे त्याला केवळ नोकर व्हायचे नसते. त्याला एका चळवळीत सामील व्हायचे असते. या सामील होण्यालाही किंमत असते. ती तो जादा तासांनी देतो, न मागितलेल्या रजेने देतो, गप्प राहून देतो. गिऱ्हाईक प्रतिमेसाठी चार पैसे मोजत असेल. नोकर तिच्यासाठी आयुष्यातील वर्षे मोजतो.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हा ग्रंथ लिहिला. विमानातील परिचारिकांचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांचे निरीक्षण असे की, या मुली हातापायांच्या कष्टांबरोबर आपले हसूही विकतात. आणि ते हसू खोटे दिसून चालत नाही, म्हणून त्यांना ते आतून आणावे लागते. पंक मद्यगृहात हसण्याच्या जागी बंडखोरी मागितली जाते, एवढाच फरक. मालकाच्या आज्ञेने बंडखोर दिसायचे, हा प्रकार मोठा विलक्षण आहे. खरे बंड करील त्याचे काय होते, ते त्या पत्राने जगाला दाखविले.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. आमच्या भाचीने हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तेव्हा तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक जुन्या वळणाच्या उपाहारगृहात. मालक तुसडा, पण पगार ठरलेल्या तारखेला. दुसरी मुंबईतील एका नव्या, नावाजलेल्या कॉफीगृहांच्या साखळीत. तेथे वेटरला वेटर म्हणत नसत, 'साथी' म्हणत. भिंतीवर शेतकऱ्यांची छायाचित्रे, झाडे लावण्याची वचने आणि 'आम्ही एक कुटुंब आहोत' अशी मोठी पाटी. "मामा, कुठे जाऊ?" असे तिने विचारले. आम्ही त्या कंपनीविषयी वर्तमानपत्रात चार चांगले शब्द वाचले होते. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अगं, जिथे माणसांना कुटुंब समजतात तिथे जा." पगार पहिल्या नोकरीपेक्षा दीड हजाराने कमी होता. तेही आम्हीच तिच्या गळी उतरविले; चांगल्या लोकांत राहण्याचेही काही मोल असते, असा उपदेश केला.

रात्री कॉफीगृह बंद होऊन हिशेब लागेपर्यंत शेवटची विरार लोकल निघून गेलेली असे. पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत ती आणि आणखी दोन मुली मागच्या खोलीत खुर्च्या जोडून पडत. टॅक्सीचे पैसे मागितले तेव्हा व्यवस्थापक हसून म्हणाला, "घरच्यांकडे कुणी भाडे मागते का?" चौदा महिन्यांनी तिने ती नोकरी सोडली. आम्हांला तिने दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "मामा, तिथे ओरडले असते तर मीही ओरडले असते. ते लोक सारखे प्रेमाने बोलत होते."

तिचे हे वाक्य आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळविले. तुसडा मालक नोकराला निदान एक स्वातंत्र्य देतो: त्याच्याविषयी वाईट वाटून घेण्याचे. चांगुलपणाचा झेंडा लावलेला मालक तेही काढून घेतो. तेथे त्रास होत असेल, तर दोष आपलाच असला पाहिजे. आपणच चळवळीला, कुटुंबाला, ध्येयाला उणे पडत आहोत, असे नोकराला वाटू लागते. म्हणून आम्ही ज्याला दंभ म्हणून सोडून देतो, तो केवळ वाणीचा दोष राहत नाही. तो मजुरीच्या हिशेबात शिरतो.

आता मजुरीच्या हिशेबाकडेच वळू. निर्वाह वेतन ही कल्पना आमच्या वाचकांच्या घरातली आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने करार केला की न्याय झाला, हा त्या काळचा रूढ समज त्यांनी मान्य केला नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा त्यावर निर्वाह झाला पाहिजे, ही अट कराराच्याही आधीची आहे; आणि गरजेपोटी अथवा अधिक वाईट घडेल या भीतीने कोणी कमी मजुरी कबूल केली, तर त्या कबुलीने अन्याय पुसला जात नाही, असा त्यांचा अभिप्राय. १९०६ साली अमेरिकेतील जॉन रायन या धर्मगुरूंनी 'अ लिव्हिंग वेज' या ग्रंथात तो विचार अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. आपल्याकडे १९४८ च्या रास्त वेतन समितीने किमान, रास्त आणि निर्वाह अशा वेतनाच्या तीन पायऱ्या स्पष्ट केल्या, आणि संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदाने निर्वाह वेतन हे राज्याच्या धोरणाचे उद्दिष्ट म्हणून नोंदविले. ब्रिटनमधील आजची निर्वाह वेतनाची चळवळ २००१ साली पूर्व लंडनमध्ये सुरू झाली. तेथील चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांनी मिळून ती उभारली. दोन-दोन नोकऱ्या करूनही मुलांचे तोंड पाहावयास वेळ न मिळणाऱ्या आईबापांच्या गाऱ्हाण्यातून ती निघाली. पुढे स्थापन झालेली लिव्हिंग वेज फाउंडेशन ही संस्था खऱ्या राहणीखर्चाचा हिशेब करून दरवर्षी वेतनाचा दर जाहीर करते. तो देणे कोणावरही बंधनकारक नाही. जो मालक आपखुशीने तो देतो, त्याला संस्थेचे चिन्ह लावता येते.

ब्रूडॉगने मिरविले ते चिन्ह हे. म्हणजे ते धर्मग्रामांच्या सभागृहांतून, रात्रपाळीच्या सफाई कामगारांच्या जागरणांतून निघालेले चिन्ह होते. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने आपल्या माणसांना कळविले की, यापुढे नव्याने नेमल्या जाणाऱ्यांना निर्वाह वेतन मिळणार नाही. कायद्यातील किमान वेतन मिळेल. तोटा झाला आहे, नफ्याकडे परतावयाचे आहे, असे कारण दिले गेले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून कायद्याचा दर होता ताशी ११ पौंड ४४ पेन्स. लंडनबाहेरचा निर्वाह वेतनाचा दर होता १२ पौंड. फरक ५६ पेन्सांचा. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाला बावन्न आठवडे धरले, तर वर्षाकाठी सुमारे १,१६५ पौंड. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला ही रक्कम किती मोठी, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. आक्षेपक म्हणेल: ब्रिटनमधील अगणित मद्यगृहे निर्वाह वेतनाच्या वाटेला कधी गेलीच नाहीत. त्यांना तुम्ही काही बोलत नाही. ज्याने आठ-नऊ वर्षे अधिक दिले आणि हात आखडल्यावर थांबविले, त्याच्यावर मात्र लेख लिहिता! हा न्याय कुठला? चांगले करू पाहणारा चुकला तर दगड, आणि काहीच न करणारा सुखरूप? मग कोण कशाला चांगले करू जाईल?

आम्ही या आक्षेपापुढे बराच वेळ थबकलो. त्यात तथ्य आहे. जगातील सर्व मालकांनी उद्या वचने देणे बंद केले, तर मजुराचे काहीच भले होणार नाही. उलट वचनाचा एक उपयोग असा की, ते दुर्बळाच्या हाती काठी देते. त्या माजी कर्मचाऱ्यांनी आपल्या गटाचे नाव काय ठेवले ते आठवावे. त्यांनी कंपनीचाच 'पंक' शब्द उचलला आणि तो कंपनीपुढे धरला. ज्याने कधी काही वचन दिलेच नाही, त्याच्यापुढे धरावयास असे काही मिळत नाही. खायचे आणि दाखवायचे दात वेगळे असले, तरी दाखवायचे दात निदान मोजता येतात.

तरीही आक्षेपकाचा हिशेब अपुरा आहे. शेजारच्या साध्या मद्यगृहाने वचन दिले नाही, हे खरे; पण वचनावर त्याने काही घेतलेही नाही. ब्रूडॉगने घेतले. लहान भागधारकांचे पैसे घेतले, वर्तमानपत्रांतील फुकट प्रसिद्धी घेतली, शिक्के घेतले आणि अधिक चांगल्या ठिकाणी आलो आहोत या विश्वासाने राबणारी तरुण माणसे घेतली. ज्यावर उचल घेतली ते वचन मोडले, तर उचल परत करावी लागते. साध्या व्यवहारात कोणताही वाणी हे सांगेल. कंपनीची अडचण खरी असू शकते. परंतु अडचणीच्या वेळी प्रथम कोणाच्या ताटातला घास काढला जातो, यावरून घराची रीत कळते. १८ टक्क्यांच्या चक्रवाढीची अट लिहिलेली होती, म्हणून तिला कायद्याचे कवच होते. निर्वाह वेतन हे बोललेले होते; तेही अजून नेमणूक न झालेल्या, म्हणून तक्रारही करू न शकणाऱ्या माणसांना द्यावयाचे. त्यांच्याकडून काढून घेणे सर्वांत सोपे होते.

कोणाला दिलेले वचन मोडले यावर काय घडते, याचे एक बोलके उदाहरण याच कंपनीच्या चरित्रात आहे. २०२० च्या अखेरीस तिने काही बिअरच्या खोक्यांत सोन्याचे डबे दडवून ठेवल्याची जाहिरात केली. डबा भरीव सोन्याचा, असे वॉट यांच्या जाहिरातींत म्हटले गेले. ज्यांना डबे मिळाले त्यांना कळले की सोन्याचा फक्त मुलामा आहे. तक्रारी झाल्या. ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या. अखेर वॉट यांनी विजेत्यांना पैसे देण्यासाठी स्वतःच्या खिशातून जवळजवळ पाच लाख पौंड खर्च केल्याचे सांगितले. त्यांनी ती चूक मानली आणि भरपाई केली, हे चांगलेच झाले. पण पाहा, गिऱ्हाइकाला सोने सांगून मुलामा दिला तर तक्रार ऐकणारी चावडी आहे, निवाडा आहे, भरपाई आहे. नोकराला सोने सांगून मुलामा दिला तर? 'सर्वोत्तम मालक' ही जाहिरात खोटी ठरली, म्हणून वाया गेलेल्या वर्षांची भरपाई मागण्यास त्या मुलाने कोणत्या दारी जावे? तेच तोंड, तीच जाहिरात. पण ऐकणारा पैसे देणारा असला की ती वचन ठरते, आणि श्रम देणारा असला की तिचा केवळ उत्साह होतो.

कतारचे प्रकरण याहून अधिक अवघड आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे फुटबॉलचा विश्वचषक झाला. ब्रूडॉगने आपण या स्पर्धेचे 'विरोधी प्रायोजक' असल्याची जाहिरात मोठमोठ्या फलकांवर लावली. स्पर्धेच्या काळातील एका बिअरचा नफा मानवी हक्कांच्या कामाला देण्याचे तिने जाहीर केले. तेथील मैदाने बांधताना परदेशी मजुरांचे झालेले हाल हा निषेधाचा एक विषय होता. ते मजूर भारत, नेपाळ, बांगलादेश येथून गेलेले होते; आखातात ज्यांच्या घरचे कोणी नाही, असे आमच्या वाचकांत थोडेच असतील. त्यांच्यासाठी लंडनमध्ये कोणी फलक लावला, हे वाचून आमचे मन क्षणभर भरून आले, हे लपवीत नाही. पण त्याच कंपनीच्या मद्यगृहांत सामने दाखविले जाणार होते, आणि तिची बिअर कतारमध्ये विकली जात होती, हेही लगोलग बाहेर आले. दूरच्या मजुराचे अश्रू जाहिरातीच्या फलकावर शोभून दिसतात. जवळच्या मजुराची तक्रार आदल्याच वर्षी पत्रातून आलेली होती. तिच्यासाठी फलक नव्हता. दूरच्यावर प्रेम करणे स्वस्त पडते, असे आम्ही म्हणणार नाही. आखातातल्या आमच्या माणसांना त्या दूरच्या प्रेमाचीही गरज आहे. परंतु त्यांचे दुःख बिअरच्या विक्रीला जोडले गेले, हे आमच्या गळ्याखाली उतरत नाही.

शिक्क्यांचा विषय निघाला म्हणून बेल्जियममधील ट्रॅपिस्ट मठांची आठवण होते. तेथील मठवासी पिढ्यान् पिढ्या बिअर बनवीत आले आहेत. १९९७ साली या मठांनी एक संघ स्थापन करून आपला षट्कोनी शिक्का ठरविला. बिअर मठाच्या आवारातच बनली पाहिजे, मठवासीयांनी अथवा त्यांच्या देखरेखीखाली बनली पाहिजे, आणि तिचे उत्पन्न मठाच्या निर्वाहासाठी व परोपकारासाठीच गेले पाहिजे, असे त्याचे नियम. बिअर कशी लागते याविषयी त्यात अवाक्षर नाही. २०२१ च्या जानेवारीत आखेल येथील मठाच्या बिअरचा शिक्का गेला. बिअर बिघडली होती काय? मुळीच नाही. मठात राहणारे मठवासी उरले नव्हते. मठांतही पगारी कामगार असतात, तेव्हा यावरून साधू तेवढे चांगले आणि व्यापारी तेवढे वाईट, असा बाळबोध निष्कर्ष कोणी काढू नये. आम्हांला त्या नियमाचा प्रामाणिकपणा आवडतो: वस्तू तीच असली तरी ती करणाऱ्यांचे जिणे बदलले, की नाव उतरवावयाचे.

२०२४ च्या मे महिन्यात वॉट यांनी मुख्याधिकारीपद सोडले.

गेल्या महिन्यात आमच्याकडे आळीतील एक मुलगा आला. शिफारसपत्र हवे होते. एका मोठ्या हॉटेल कंपनीत त्याची निवड होत आली होती. गुळगुळीत कागदाची पुस्तिका त्याने आमच्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर हिरवे पान, दुसऱ्यावर हसणारी मुले, तिसऱ्यावर कंपनीची सात मूल्ये. "सर, फार चांगली कंपनी आहे," तो म्हणाला. आम्ही विचारले, तुझ्या आधी त्या जागेवर कोण होता? तो का गेला? त्याला ठाऊक नव्हते. मग म्हणालो, पगार कुठे लिहिला आहे ते पान काढ. त्याने पुस्तिका दोनदा चाळली, नेमणुकीच्या कागदांचा गठ्ठा उलटला, आणि शेवटच्या पानावरील एका ओळीवर बोट ठेवले. तेथे लिहिले होते, 'कंपनीच्या नियमानुसार'.